बुरुलचाने मैत्रिणींना अल्माटी दाखवली

बुरुलचाला गप्प करायचं असेल तर तिच्या तोंडात काहीतरी कोंबावं लागतं, असं तिचा नवरा शेयशेन म्हणतो. शेयशेन लोखंडी फाटकं जोडायचं काम करतो आणि वर्षाकाठी जी चार-दोन वाक्यं बोलतो त्यातलं हे एक. बुरुलचा ते खोडून काढत नाही. "खरं आहे त्याचं," ती म्हणते, "पण मी पडले स्वयंपाकीण. तोंडात कोंबायला काही हवं तर ते मलाच रांधावं लागतं, आणि रांधताना माझी टकळी चालूच असते."

बिश्केक शहर जिथे विरत विरत शेतांना जाऊन मिळतं, तिथल्या वस्तीत ती राहते आणि तिथल्याच बालवाडीत स्वयंपाक करते. सकाळची लापशी, दुपारचं सूप, चार वाजता चहा आणि पाव. बुटकी, गोल, लाल गालांची बाई. बीट न खाणाऱ्या पोरांना ती कधी रागावत नाही. "अल्माटीतली पोरं बीट मागून मागून खातात," एवढंच सांगते, आणि पोरं बापडी खातात.

अल्माटी हा तिचा हुकमी एक्का. मुलगी असताना वर्षभर ती तिथे पाकशाळेत शिकायला होती. तेव्हा मध्ये सीमा नव्हती, दोन्हीकडे एकच देश होता, आणि बिश्केकला बसमध्ये डुलकी लागली की अल्माटीत जाग यायची. पुढे लग्न झालं, पोरं झाली, देशाचे तुकडे झाले, मध्ये तारेचं कुंपण आलं. अल्माटी राहिली तिथेच, कुंपणापलीकडे कझाखांच्या देशात, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पण बुरुलचा पुन्हा काही गेली नाही. न गेल्यामुळे ते शहर तिच्या तोंडात दरवर्षी थोडं थोडं वाढत गेलं. रस्ते रुंद झाले, सफरचंदं मोठी झाली, आणि वसतिगृहाच्या खिडकीखाली तिच्यासाठी गिटार वाजवणारा मुलगा एकाचे तीन झाले.

तिच्या शाळूसोबतिणींची भिशी होती. महिन्यातून एकदा सगळ्या जमायच्या, खायच्या, एकमेकींच्या सुनांचा समाचार घ्यायच्या. ऑक्टोबरच्या भिशीत एक जण तुर्कस्तानला जाऊन आलेली. तिने फोनवरचे फोटो फिरवले. समुद्र, खुर्ची, समुद्र, तिचा नवरा, समुद्र. बुरुलचाने फोन पुढे सरकवला.

"बरं आहे," ती म्हणाली. "पण समुद्र काय, सगळीकडे ओलाच असतो. शहर बघायचं तर अल्माटी."

"झालं सुरू," गुल्सुन म्हणाली. गुल्सुन बाजारात पडदे विकते आणि गिऱ्हाइकाने कापडाला हात लावायच्या आत ते घेणार की नुसतं चिवडणार हे ओळखते. "बुरुलचा, शाळा सुटल्यापासून तुझी अल्माटी ऐकतेय. एकदा दाखव तरी."

"दाखवते की. कधी येतेस बोल."

"येत्या शनिवारी. शनिवारी जाऊ, रविवारी परत."

"मीसुद्धा," कोपऱ्यातून कालीपा म्हणाली. कालीपा गाद्या आणि गोधड्या शिवते. अंगाने मोठी, गुडघ्यांनी अधू, आणि आजवर कुणी कुठे जातंय म्हटल्यावर 'मीसुद्धा' म्हणाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यामुळे आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

"पण हॉटेलं महाग असतील गं," गुल्सुन म्हणाली.

"हॉटेल कशाला? माझी विहीण आहे ना तिथे."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. ही विहीण म्हणजे बुरुलचाच्या सुनेची मावशी, राउशान. सून कझाख. तिची आई लहानपणीच गेली, म्हणून लग्नात आईच्या जागी मावशी उभी राहिली होती. निघताना तिने बुरुलचाला मिठी मारून सांगितलं होतं, "अल्माटीला आलात आणि माझ्याकडे उतरला नाहीत तर मी आयुष्यभर बोलणार नाही." आता हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक लग्नात प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो. सगळ्यांनी ते खरं धरलं तर अर्धा मुलूख बोचकी घेऊन कायम रस्त्यावरच दिसेल. बुरुलचाने ते खरं धरलं. गुरुवारी तिने फोन केला.

"विहीणबाई, शनिवारी येतोय. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी. एकच रात्र."

पलीकडे थोडी शांतता पसरली. मग राउशान म्हणाली, "या. या ना. नक्की या."

बुरुलचाला ते तीन 'या' ऐकू आले. शांतता तिला ऐकू येत नाही. तशी सवयच नाही.

आता परदेशी जायचं, आणि तेही विहिणीच्या दारात, तर माणसाने जरा बरं दिसायला हवं. शेजारची मेरिम भुवया गोंदायला शिकत होती आणि हात बसवण्यासाठी तिला माणसं हवी होती. कापडाचा तुकडा स्वस्तात मिळतो तसा बुरुलचाचा चेहरा तिला मिळाला. गुरुवारी संध्याकाळी बुरुलचा घरी आली तेव्हा शेयशेन चहा पीत होता. त्याने वर पाहिलं, कप खाली ठेवला आणि विचारलं, "काय झालं?"

"कुठे काय?"

"घाबरलेली दिसतेस."

ती आरशासमोर गेली. दोन काळ्याकुळकुळीत कमानी कपाळाच्या मध्यापर्यंत चढल्या होत्या. खालचा चेहरा नेहमीचाच होता, पण वरून कुणीतरी नुकतीच वाईट बातमी दिल्यासारखा. दोन दिवसांत रंग उतरतो असं मेरिम म्हणाली होती. दोन दिवसांत सूज उतरली. रंग कुठे जायचं नाव घेईना.

शनिवारी सकाळी तिघी निघाल्या. स्वस्तात जायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. शहराच्या मिनीबसने सीमेपर्यंत जायचं, पूल पायी ओलांडायचा, आणि पलीकडे गाड्या भरणाऱ्यांशी घासाघीस करून बसायचं. खाण्याचं सगळं बुरुलचाने बरोबर घेतलं होतं. उकडलेली अंडी, कणकेचे तळलेले बोर्सोक, आणि विहिणीसाठी घरचं लोणी. रांगेत चेपून निघताना लोण्याचा डबा तिने डोक्यावर धरला होता.

गुल्सुन पलीकडे गेली. कालीपा गेली. बुरुलचाने काचेतून पासपोर्ट सरकवला. आतला अधिकारी तरुण होता. त्याने फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"मावशी, भुवया खाली घ्या."

"त्या खाली येत नाहीत, बाळा."

"चेहरा नेहमीसारखा करा."

"आता हाच नेहमीचा आहे."

मागे रांग हसायला लागली. त्याने तिला बाजूला उभं केलं आणि फोन करून वरिष्ठ बाईंना बोलावलं. बाई आल्या. त्यांनी एक ओला रुमाल काढला आणि बुरुलचाची डावी भुवई घासून पाहिली. मग उजवी. रुमाल पांढराच राहिला.

"कुणी केलं हे?" बाईंनी विचारलं.

"शेजारची मुलगी शिकतेय."

"माझ्या बहिणीनेही असंच स्वस्तात करून घेतलं. वर्ष झालं, अजून जाते तिथे लोक तिला पाणी आणून देतात." बाईंनी शिक्का मारला. "जा, मावशी. पण घाबरू नका, सगळं ठीक होईल."

"मी घाबरलेली नाही," बुरुलचा म्हणाली. कुणाचा विश्वास बसला नाही.

अल्माटीच्या बसस्थानकावर उतरताच तिने सूत्रं हातात घेतली. "या शहरात माणूस चुकूच शकत नाही," तिने मैत्रिणींना सांगितलं. "सगळे रस्ते सरळ. डोंगराकडे तोंड केलं की वर, पाठ केली की खाली. बस."

"डोंगर कुठेत?" गुल्सुनने विचारलं.

डोंगर नव्हते. म्हणजे असणार, पण आभाळ पार जमिनीला टेकलं होतं आणि शहरावर राखाडी गोधडी पांघरल्यासारखं धुकं होतं. बुरुलचाने नाक वर करून जरा अंदाज घेतला, एका दिशेला बोट केलं आणि चालू लागली. आपली पाकशाळा, वसतिगृहाची ती खिडकी आणि समोरचं कारंजं मैत्रिणींना आधी दाखवायचं तिच्या मनात होतं. रस्त्याच्या नावांवरून शोधू म्हणाली तर नावं सगळी बदललेली. एका म्हाताऱ्याला तिने जुन्या नावाने रस्ता विचारला. तो थांबून तिच्याकडे बघत राहिला. "पोरी," तो म्हणाला, "हे नाव मी खूप वर्षांनी ऐकलं." आणि डोळे पुसत निघून गेला. रस्ता काही सांगितला नाही.

वर वर म्हणत त्या इतक्या चालल्या की शेवटी पत्र्याच्या गोदामांपाशी आल्या. कालीपा एका सिमेंटच्या नळीवर बसली.

"बुरुलचा," ती हळूच म्हणाली, "कारंजं अजून लांब आहे का? नाही म्हणजे, मी विचारलं आपलं. नळीही छानच आहे."

"अल्माटी बरीच सुधारलीय," गुल्सुन म्हणाली. "तुझ्या वेळी इतकी गोदामं नसतील."

बुरुलचाने मेट्रो सुचवली. तिच्या वेळी मेट्रोचं नावही नव्हतं, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. सरकत्या जिन्यापाशी कालीपा अडून बसली. पायाखालची जमीन चालते हे तिच्या गुडघ्यांना मान्य नव्हतं. "माझ्याकडे बघ," बुरुलचा म्हणाली आणि उलटं वळून कालीपाला धीर देत देत पाठमोरी खाली गेली. खाली जिना संपला तो तिला दिसला नाही. ती बसली, म्हणजे आदळलीच, पण लोण्याचा डबा तिने वरच्या वर धरला होता. एका पोलिसाने तिला उठवलं आणि तिचा चेहरा बघून फार मायेने विचारलं, "मावशी, कुणाला बोलावू का?"

मेट्रो चुकीच्या दिशेची निघाली. शेवटच्या स्टेशनापर्यंत गेल्या आणि तिथून परत आल्या. कालीपाला सगळ्या सहलीत तोच भाग आवडला. गादी मऊ होती आणि चालायचं नव्हतं.

राउशानच्या घरी पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. जुन्या चार मजली इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. दार उघडून राउशानने तिघींना कवेत घेतलं, कपाळं हुंगली, आत बसवलं. टेबल भरलेलं होतं. सुका मेवा, मुरंबा, घोड्याच्या मांसाचे काप, आणि मधोमध मांस आणि उकडलेल्या कणकेचं वाफाळतं बेशबर्माक. राउशान पंचावन्नच्या आसपासची उंच, नीटनेटकी बाई. पण लग्नात पाहिली त्यापेक्षा बुरुलचाला ती पिवळी वाटली. पडद्याचा रंग पडला असेल, असं तिने मनाशी म्हटलं. दाराशी एक भरलेली बॅग होती. गुल्सुनने तिच्याकडे नजरेने खूण केली तेव्हा बुरुलचा कुजबुजली, "आपल्यासाठी आहेर असणार. कझाख विहिणी रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. बघून न बघितल्यासारखं कर."

मग ती जेवली, आणि जेवताना बोलली. पुढे स्वतःचंच ते बोलणं आठवलं की तिची कानशिलं गरम होतात, असा तो भाग. कझाख लोक बेशबर्माकमध्ये कणकेचे हातरुमालाएवढे तुकडे घालतात. आमच्याकडे तीच कणीक बारीक शेवयांसारखी कापतात. यावरून दोन्हीकडचे लोक पिढ्यान् पिढ्या एकमेकांना टोचत आलेत, पण पाहुण्याने यजमानाच्या ताटावर बसून टोचू नये एवढं भान लोकांना असतं.

"चव उत्तम आहे, विहीणबाई," बुरुलचा म्हणाली. "फक्त तुमच्या सुरीला जरा कंटाळा आहे. आमच्याकडे एवढ्या तुकड्यात बाळाला गुंडाळतात."

राउशान हसली. तिने स्वतःच्या ताटात काहीच घेतलं नव्हतं. चहाचे छोटे छोटे घोट घेत ती तिघींची ताटं भरत होती. बुरुलचाला वाटलं, लागलं हिला माझं बोलणं. म्हणून तिने आणखी बोलून ते सारवलं. बालवाडीतले किस्से सांगितले, शेयशेनची नक्कल केली, अल्माटी किती ओळखीची वाटली ते सांगितलं. गुल्सुन ताटात बघून हसत राहिली.

जेवणानंतर कालीपा सोफ्यावर कलंडली. डोंगर उघडले का ते बघायला बुरुलचा गॅलरीत गेली. गॅलरी पुढच्या खोलीलाही जोडलेली होती आणि कोपऱ्यापलीकडे राउशान फोनवर हळू आवाजात बोलत होती.

"मंगळवारी नाही चालणार का, डॉक्टर? नाही, दुखतंय तेवढंच आहे. पण घरात पाहुणे आलेत, विहीण आहे. त्यांना घरात टाकून उद्या भरती कशी होऊ? ... हो, तुम्ही ताकीद दिली होती. ... नाही, नवरा तेलाच्या विहिरींवर कामाला आहे, पश्चिमेला, त्याची पाळी संपत नाही. मुलगा कोरियात. ... एकटी असले तरी सवय आहे मला."

बुरुलचा उभी होती तिथेच राहिली. सांगण्यासारखं एवढं कानावर पडूनही तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मग ती मांजरीसारखी आत आली आणि मैत्रिणींना सगळं सांगितलं.

"पित्ताशयात खडे," गुल्सुन म्हणाली. "माझ्या वहिनीला होते. अशीच पिवळी पडली होती. म्हणजे ती बॅग..."

"हो."

"बघू आपला आहेर," असं म्हणून गुल्सुनने जाऊन बॅगेत डोकावलं. वर घरातल्या चपला होत्या, टॉवेल होता, एक मग होता. ती परत आली आणि नेहमीसारखं काही टोचून बोलली नाही. त्यानेच बुरुलचाला जास्त टोचलं.

"चरबीचं मांस तिने चार तास शिजवलं असेल," कालीपा म्हणाली. "या दुखण्यात त्या वासानेच कळा येतात."

बुरुलचा बसली. कपाळावरच्या कमानी तशाच चढलेल्या होत्या, पण आता त्या खऱ्या होत्या. मी जेवले, वर सुरीला नावं ठेवली, तिने मनात म्हटलं. बालवाडीत एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला कोपऱ्यात उभं केलं असतं.

राउशान चहाची किटली घेऊन आत आली. बुरुलचाने ती तिच्या हातातून घेतली.

"विहीणबाई, उद्या दवाखान्यात किती वाजता जायचं?"

"कुठला दवाखाना?"

"गॅलरीत ऐकलं मी. मुद्दाम नाही ऐकलं. म्हणजे आधी मुद्दाम नाही, नंतर मुद्दाम."

राउशानने आधी काही नाहीच म्हटलं, मग थोडं आहे म्हटलं, मग खुर्चीत बसली. "पाहुण्यांना टाकून मी निघून जाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण? इथे आम्ही तिघीच आहोत. कालीपा काही म्हणत नाही. मी म्हणाले तर कुणी ऐकत नाही. गुल्सुन म्हणेल, पण ती सगळ्यांनाच म्हणते."

"मला फोनवरच नको म्हणायला हवं होतं," राउशान म्हणाली. "पण तुम्ही लग्नानंतर पहिल्यांदाच येत होता. आणि अकमारलला कळू द्यायचं नव्हतं. तिचं बाळ अजून अंगावर पितंय, ती उगाच धावत आली असती." अकमारल म्हणजे बुरुलचाची सून. "मी म्हटलं, एक रात्र तर आहे, निभावून नेईन. पण तुम्ही दारातून आलात तोच मी तुमचा चेहरा पाहिला. मला वाटलं, हिला कळलं. इतक्या घाबरून बघत होता माझ्याकडे."

"त्या भुवया आहेत," गुल्सुन म्हणाली. "गुरुवारपासून अशाच आहेत. सीमेवर रुमालाने घासूनसुद्धा पाहिल्या."

राउशानने बुरुलचाकडे नीट निरखून पाहिलं. मग ती हसायला लागली, आणि हसताना कूस धरून कळवळली, आणि कळवळतानाही तिचं हसू थांबेना. "हसवू नका," ती म्हणत होती, "डॉक्टरांनी सांगितलंय." बुरुलचा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि गप्प राहिली, कारण तोंड उघडलं तर ती आणखी हसली असती.

संध्याकाळी तिघींनी घर हातात घेतलं. गुल्सुनने भांडी घासली, कालीपाने खाली बसून राउशानच्या झग्याची सुटलेली शिवण घातली, बुरुलचाने बिनचरबीची भाताची पेज केली आणि लोण्याचा डबा मुकाट्याने फडताळाच्या अगदी मागे सरकवून ठेवला.

रविवारी सकाळी चौघी दवाखान्यात निघाल्या. बुरुलचाने रस्त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कुठली बस, कुठे उतरायचं, कुठे वळायचं, सगळं राउशानने सांगितलं. पुढे ती, मागून तिची बॅग धरून गुल्सुन, मग कालीपाला आधार देत बुरुलचा. रोगी नातेवाइकांना दवाखान्यात घेऊन चालला होता. भरतीच्या खिडकीपाशी परिचारिकेने चौघींवर नजर फिरवली, बुरुलचाचा हात धरला आणि खुर्चीत बसवलं.

"घाबरू नका, मावशी. फार साधं ऑपरेशन आहे. सकाळपासून काही खाल्लं तर नाही ना?"

"खाल्लंय," बुरुलचा म्हणाली. "रोगी ती आहे."

राउशानने पुन्हा कूस धरली.

तिला वरच्या वॉर्डात खाट मिळाली. तिथल्या खिडकीशी कालीपा टेकली होती. रात्रीत वारं सुटून धुकं निघून गेलं होतं. "बुरुलचा," ती म्हणाली, "ते बघ डोंगर. बर्फासकट." बुरुलचा खिडकीशी आली. डोंगर मोठे होते, अगदी जवळ होते, आणि काल तिने मैत्रिणींना ज्या दिशेला चालवत नेलं होतं तिच्या नेमक्या उलट्या बाजूला होते. गुल्सुन आली, तिनेही पाहिलं.

"मग गोदामं खाली होती," गुल्सुन म्हणाली.

"हो."

"नाही, आपलं समजून घेतलं."

दुपारी गुल्सुन आणि कालीपा परत निघाल्या. बुरुलचा निघाली नाही. ठरवून असं काही नव्हतं. राउशान खाटेवर बसून "जा तुम्ही, मला सवय आहे" म्हणाली, आणि ते ऐकून बुरुलचाचे पाय जागचे हलेनात. तिने बालवाडीच्या संचालिकेला फोन केला. संचालिका बराच वेळ बोलल्या. सोमवारी शंभर पोरांना कोण जेवू घालणार, हा माणूस आहे की वारा, असं बरंच काही. बुरुलचा ऐकून घेत होती. "मॅडम," शेवटी ती म्हणाली, "माझी विहीण इथे एकटी आहे." पलीकडे शांतता झाली. ही शांतता बुरुलचाला ऐकू आली. "बरं," संचालिका म्हणाल्या, "सुपात बडीशेप कधी घालता तेवढं सांगा."

सोमवारी ऑपरेशन झालं. ते चालू असताना बुरुलचा बाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी एक म्हातारा शेतकरी होता, त्याच्या बायकोचंही ऑपरेशन आत चालू होतं. सवयीप्रमाणे बुरुलचा त्याला अल्माटीबद्दल सांगायला लागली. आपण इथे शिकायला होतो, इथलं कारंजं असं होतं, खिडकी तशी होती. आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की कारंज्याचा आकार तिला आठवत नाही. गोल होतं की चौकोनी? आठवत होतं ते वसतिगृहाच्या बाथरूममध्ये तोंडात टॉवेल धरून रडणं, कारण आई लांब होती आणि या एवढ्या मोठ्या शहरात तिला कुणी ओळखत नव्हतं. ही गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. तिने त्या म्हाताऱ्याला सांगितली.

"मग गिटारवाला?" म्हाताऱ्याने विचारलं. त्याचाही उल्लेख येऊन गेला होता.

"होता. पण तो दुसऱ्या खिडकीसाठी वाजवायचा. मला ऐकू यायचं एवढंच."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि खिशातून सफरचंद काढून तिला अर्धं दिलं.

राउशानला बाहेर आणलं तेव्हा ती अर्धवट शुद्धीत होती. बुरुलचाने तिचा हात धरला आणि वाकून विचारलं, "विहीणबाई, कसं वाटतंय?" राउशानने डोळे किलकिले केले, ओठ हलवले. बुरुलचा आणखी खाली वाकली.

"तुमच्या शेवया," राउशान पुटपुटली, "घशात अडकतात."

पुढचे दोन दिवस बुरुलचा राउशानच्या घरी झोपली, तिच्या स्वयंपाकघरात पेज आणि पातळ सूप करून डब्यात घालून दवाखान्यात नेत राहिली. दोन्ही दिवस ती चुकली. एकदा उलटी बस पकडून आणि एकदा योग्य बसमधून भलत्या थांब्यावर उतरून. मेट्रोतला तो पोलीस तिला पुन्हा भेटला आणि नातेवाईक सापडले का म्हणून विचारलं. सापडल्याचं तिने सांगितलं. राउशानच्या खाटेभोवतीच्या बायकांना तिची वेळ पाठ झाली. उशिरा का होईना, बाई येणार आणि आज कुठे चुकली ते सांगणार, म्हणून त्या वाट बघायच्या. बुधवारी राउशानची धाकटी नणंद गावाहून आली आणि बुरुलचाने निरोप घेतला. निघताना कुणी कुणाला 'या' म्हटलं नाही. राउशानने नुसता तिचा गाल थोपटला आणि उशाखालचं चॉकलेट तिच्या खिशात घातलं.

संध्याकाळी ती घरी पोहोचली. शेयशेनने तिच्यामागे चार दिवस बटाटे खाल्ले होते. दोन पातेली काळी करून दाराबाहेर वाळूत पुरून ठेवली होती. त्याने तिच्या हातातलं सामान घेतलं, चहा ओतला, समोर बसला आणि तिच्या बोलण्याची वाट बघायला लागला. ती काही बोलेना. शेवटी त्यालाच विचारावं लागलं.

"कशी आहे अल्माटी?"

बुरुलचाने चहा फुंकला. "दवाखाना चांगला आहे," ती म्हणाली.

शेयशेनने थोडा विचार केला. "मग बरं," तो म्हणाला, आणि भाकरीची टोपली तिच्याकडे सरकवली.